‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणण्याआधी

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका छोट्याशा उद्यानावरून मोठा गदारोळ झाला. उद्यानाचं नाव वेलकम पार्क. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन ज्या घरात राहिला, त्या घराच्या जागेवर ते उभं आहे आणि तिथे पेनचा पुतळा आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसने उद्यानाच्या नूतनीकरणाचा आराखडा जाहीर केला, त्यात हा पुतळा काढायचं ठरलं होतं. काही दिवसांतच इतका विरोध झाला की प्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्याआधी, २०२१ मध्ये, लंडनमध्ये खुद्द क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी आपल्या मुख्य इमारतीतल्या ‘विल्यम पेन’ खोलीचं नाव बदलून ‘बेंजामिन ले’ या गुलामगिरीविरोधी क्वेकराचं ठेवलं होतं. पेन क्वेकर होता, आपल्या श्रद्धेसाठी तुरुंगात गेला होता, त्याने वसवलेल्या वसाहतीत कुणालाही धर्मावरून छळलं जात नव्हतं. आणि त्याच पेनच्या घरी गुलाम होते.

अशा वेळी जी वादावादी होते ती आपल्याला तोंडपाठ आहे. एक बाजू म्हणते, त्या काळी तसंच होतं, सतराव्या शतकातल्या माणसाला आजची फूटपट्टी लावू नका. दुसरी बाजू म्हणते, सगळे ढोंगी, सभेत समतेच्या गप्पा आणि घरी गुलाम, यांना सुधारक म्हणणंच पाप आहे. देश बदलतो, पुतळा बदलतो, वाक्यं हीच राहतात. मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा मांडला जातोय असं वाटतं, आणि चूक दोघांची एकच आहे. ‘तो काळ’ म्हणजे एका सुरात बोलणारा जमाव होता, असं दोघंही गृहीत धरतात. सुरुवातीच्या क्वेकर उपदेशकांचा इतिहास जरा जवळून पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. पेनला आजची फूटपट्टी लावायची गरजच नाही. त्याच्याच हयातीत, त्याच्याच वसाहतीत, त्याच्याच पंथाच्या चार माणसांनी ती फूटपट्टी कागदावर लिहून सभेपुढे ठेवली होती. तिचं काय झालं, हा खरा प्रश्न आहे. आणि जो पंथ त्या वेळी गप्प बसला, त्याच पंथाने पुढे स्वतःला कसं बदललं, हा त्याहून मोठा.

आधी ही माणसं कोण हे सांगायला हवं. १६४९ मध्ये इंग्लंडने आपल्या राजाचं शिर उडवलं. देश यादवीतून जात होता आणि जुन्या चर्चवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. अशा वेळी जॉर्ज फॉक्स नावाचा एक विणकराचा मुलगा, जोडे बनवणाऱ्याकडे काम शिकलेला, गावोगाव सांगत हिंडू लागला की प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा प्रकाश आहे, तो ऐकायला मध्ये पुरोहित लागत नाही. १६५२ पासून उत्तर इंग्लंडमध्ये त्याच्याभोवती माणसं जमली. ती स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवत. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे चिडवण्याचं नाव होतं, तेच पुढे चिकटलं. त्यांच्या प्रार्थनासभेत सगळे गप्प बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठतो, बोलतो, खाली बसतो. ज्यांचं बोलणं पुन्हा पुन्हा मनाला भिडतं असं सभेला वाटे, त्यांची नोंद ‘मिनिस्टर’ म्हणून होई. पगार नाही, झगा नाही, पदवी नाही. कुणी शिंपी, कुणी शेतकरी, कुणी दुकानदार. आणि यात बायका होत्या, अगदी पहिल्या दिवसापासून. मार्गारेट फेल हिने १६६६ मध्ये लँकेस्टरच्या तुरुंगातून पुस्तिका काढून बायकांना उपासनेत बोलण्याचा अधिकार आहे हे बायबलच्याच आधारे मांडलं.

समता ही त्यांच्यासाठी रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडेही ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यात अख्खी समाजव्यवस्था बसलेली असते. त्या काळच्या इंग्रजीतही बरोबरीच्याला किंवा खालच्याला एकेरी आणि वरच्याला अनेकवचनी संबोधन होतं. क्वेकरांनी सगळ्यांनाच एकेरी बोलायला सुरुवात केली. न्यायाधीशालाही ‘तू’. वरच्या माणसापुढे टोपी काढायची नाही. कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण शपथेवर खरं बोलतो म्हटलं तर एरवी खोटं बोलतो असा अर्थ होतो. यासाठी हजारो माणसं तुरुंगात गेली. मेरी डायर या बाईला तर १६६० मध्ये बोस्टनमध्ये फाशी दिलं, कारण क्वेकरांना बंदी असलेल्या त्या वसाहतीत ती पुन्हा पुन्हा परत गेली. मी या लेखात या सगळ्यांना एकेरीच लिहितो आहे. त्यांनी तेच मागितलं असतं.

आता गुलामगिरीकडे. इथे भक्तीने लिहिणारे लोक एक मोठी उडी मारतात: प्रत्येकात ईश्वराचा प्रकाश मानणारा पंथ, म्हणून तो आपोआप गुलामगिरीच्या विरोधात गेला. तसं अजिबात झालं नाही. फॉक्सने १६५७ मध्येच समुद्रापारच्या गुलाममालक क्वेकरांना पत्र लिहून सगळी माणसं एकाच रक्ताची आहेत याची आठवण करून दिली होती. १६७१ मध्ये तो स्वतः बार्बाडोसला गेला. तिथली ऊस आणि साखरेची दौलत गुलामांच्या पाठीवर उभी होती आणि मळेवाल्यांत क्वेकरही होते. फॉक्सने गुलामांनाही सभेत घ्यावं, त्यांना नीट वागवावं, काही वर्षांच्या सेवेनंतर मोकळं करावं असं सांगितलं. पण तुम्ही गुलामांना बंड शिकवता असा आरोप झाल्यावर, अशा शिकवणीचा आपल्याला तिटकारा आहे, असं गव्हर्नरला लेखी कळवलं. ज्याने न्यायाधीशापुढे टोपी काढली नाही तो इथे दोन पावलं मागे आला. पेनचं तर आणखी विचित्र. १७०१ च्या मृत्युपत्रात त्याने आपल्या गुलामांना मुक्ती लिहून दिली होती. शेवटच्या मृत्युपत्रात ती तरतूद नाही. म्हणजे त्याला दिसत नव्हतं, असंही म्हणायची सोय उरत नाही.

आणि मधल्या काळात त्याच्या वसाहतीत काय घडलं होतं? १६८८ साल. फिलाडेल्फियाजवळचं जर्मनटाउन हे जर्मनीहून आणि डच सीमेवरून आलेल्या विणकरांचं गाव. तिथल्या फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस, गॅरेट हेंडरिक्स, डेरिक आणि अब्राहम ऑप डेन ग्राफ या चौघांनी आपल्या मासिक सभेला एक अर्ज लिहिला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कारण ती त्यांची भाषा नव्हती. युक्तिवाद मात्र पोलादी आहे. समुद्रावर अनोळखी जहाज दिसलं की ते तुर्की असेल, आपल्याला पकडून गुलाम म्हणून विकतील, या भीतीने आपलं काळीज कसं लटपटतं, हे ते आधी आठवून देतात. मग विचारतात, आपण जे करतो ते तुर्कांपेक्षा वेगळं कुठे आहे? दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावंसं वाटतं तसं आपण वागावं हा नियम आपण मानतो, तर त्यात वंशाने किंवा रंगाने फरक कुठे पडतो? गुलाम चोरून आणलेले असतात, मग विकत घेणारा चोरीचाच माल घेतो ना? आणि शेवटी शांततावादी पंथाला घाम फोडणारा प्रश्न: हे लोक उद्या स्वातंत्र्यासाठी उठले, तर त्यांना गुलाम ठेवण्यासाठी लढण्याचा तुम्हाला जितका हक्क, तितकाच त्यांना लढण्याचा नाही का?

यात एकही विचार एकविसाव्या शतकातून उसना घेतलेला नाही. सगळं साहित्य त्या काळातलंच आहे: बायबल, चोरीचा कायदा, समुद्री चाच्यांची धास्ती. ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे, या चौघांचा काळ कोणता? मासिक सभेने अर्ज वाचला आणि विषय फार जड आहे म्हणून त्रैमासिक सभेकडे पाठवला. त्रैमासिक सभेने बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेकडे. वार्षिक सभेने म्हटलं, या गोष्टीचा संबंध इतर पुष्कळ ठिकाणांशी येतो, यावर निर्णय देणं आम्हाला योग्य वाटत नाही. कागद फायलीत गेला. सरकारी कचेरीत ‘वरून आदेश नाहीत’ हे ऐकलेल्या कुणालाही ही चाल ओळखू येईल. न दिसणं वेगळं आणि दिसलेलं बाजूला सरकवणं वेगळं. काळाच्या नावावर आपण हे दुसरं खपवतो.

पुढची सत्तर वर्षं याच साच्यात गेली. जॉन फार्मर बोलला, त्याला पंथाबाहेर काढलं. राल्फ सँडिफर्डने १७२९ मध्ये सभेची परवानगी न घेता पुस्तक काढलं, तोही बाहेर गेला. मग आला बेंजामिन ले. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, तरुणपणी खलाशी. बार्बाडोसमध्ये त्याने दुकान चालवलं आणि भुकेल्या गुलामांना डोळ्यांसमोर मरताना पाहिलं. तिथून निघाला तो कायमचा बदलून. पेनसिल्व्हेनियात अबिंग्टनजवळ गुहेसारख्या घरात राहायचा, स्वतःचं कापड स्वतः विणायचा, मांस खायचा नाही आणि साखर तर अजिबात नाही. साखर त्याच्या लेखी रक्त होतं. एकदा कडाक्याच्या थंडीत तो एक पाय उघडा ठेवून सभेच्या दारात उभा राहिला. येणारे-जाणारे म्हणू लागले, आजारी पडशील. तो म्हणाला, माझी एवढी दया येते, आणि तुमच्या शेतावर अख्खा हिवाळा अर्ध्या कपड्यांत काढणाऱ्यांची येत नाही?

१७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो मोठा झगा घालून आला. आत लष्करी पोशाख आणि तलवार. हातात बायबलसारखं दिसणारं एक पुस्तक, आतून कोरलेलं, आणि त्या पोकळीत लाल रानफळांच्या रसाने भरलेली पिशवी. सभेत उठून तो बोलला, झगा फेकला आणि पुस्तकात तलवार खुपसली. रस रक्तासारखा उसळला आणि आसपास बसलेल्या गुलाममालकांच्या अंगावर उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं. पंथानेही त्याला काढून टाकलं. त्याचं पुस्तक आदल्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिनच्या छापखान्यात छापलं गेलं होतं, पण मुद्रक म्हणून फ्रँकलिनने त्यावर आपलं नाव घातलं नव्हतं.

आता दुसऱ्या बाजूला, ‘सगळे ढोंगी’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. इथवरची गोष्ट त्यांच्याच बाजूची वाटते, पण ती इथे संपत नाही. जॉन वुलमन न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावात एका दुकानात कामाला होता. विशी ओलांडलेला पोरगा. एक दिवस मालकाने सांगितलं, मी माझी काळी दासी विकतोय, विक्रीपत्र लिही. विकत घेणारा आपल्याच पंथातला वयस्क गृहस्थ, समोर उभा. वुलमनने लिहिलं. लिहून झाल्यावर मालक आणि तो गृहस्थ दोघांसमोर म्हणाला, गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असं मला वाटतं. पण लिहून बसला होता. ही बोच त्याला जन्मभर पुरली. पुढे कुणी गुलामाचा कागद लिहायला सांगितला की तो नाही म्हणायचा.

एक प्रसंग त्याने स्वतः नोंदवून ठेवला आहे. शेजाऱ्याला जबर मार लागला, जगण्याची खात्री नव्हती, त्याने वुलमनला मृत्युपत्र लिहायला सांगितलं. जमीनजुमला सांगून झाल्यावर शेजाऱ्याने घरातली तरुण दासी कोणत्या मुलाकडे जावी तेही सांगितलं. वुलमनने बाकी सगळं लिहून घेतलं, ते एक कलम मोकळं ठेवलं, आणि कागद बिछान्यापाशी नेऊन दाखवला. म्हणाला, एवढं मला लिहिता येणार नाही. लिहिण्याचे पैसेही नकोत. दोघं बोलत बसले. शेवटी त्या माणसाने तिला मोकळं करायचं कबूल केलं आणि मग वुलमनने मृत्युपत्र पुरं केलं. पेनच्या मृत्युपत्रातून गळलेलं कलम आणि वुलमनने मोकळं सोडलेलं कलम, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पंथ तोच. प्रत्येकात प्रकाश आहे हे वाक्यही तेच.

वुलमनने दुकान वाढू लागलं तसं बंद केलं आणि शिंपीकामावर भागवलं, म्हणजे प्रवासाला मोकळीक. तीस वर्षं तो घोड्यावरून आणि पायी हिंडला, व्हर्जिनिया, मेरीलँड, कॅरोलायना. गुलाममालक क्वेकरांच्याच घरी उतरायचा. निघताना तिथल्या गुलामांना चांदीची नाणी द्यायचा, कारण त्यांच्या फुकट श्रमाचं जेवण तो जेवला होता. यजमानाला ते अपमानास्पद वाटे, वुलमनलाही देताना संकोच वाटे, पण देत असे. यजमानाशी भांडण नाही, आवाज चढवणं नाही, आणि माघारही नाही. १७५४ मध्ये त्याची गुलामगिरीवरची पुस्तिका निघाली, या वेळी सभेच्या परवानगीने, कारण सभेतली जुनी मालक पिढी हळूहळू सरली होती. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत विषय पुन्हा आला. क्वेकरांच्या सभेत मतदान नसतं, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबतात. पुष्कळ जण म्हणाले, आणखी थांबू या. वुलमनने उठून सांगितलं की थांबण्याची किंमत आपण नाही, गुलाम भरतायत. त्या दिवशी ठरलं: जो गुलाम विकेल किंवा विकत घेईल त्याला सभेच्या कामकाजात स्थान नाही, आणि गुलाममालक सभासदांच्या घरोघरी जाऊन बोलायला माणसं नेमायची. त्यात वुलमन होताच. ही बातमी कुणीतरी म्हाताऱ्या बेंजामिन लेला सांगितली. तो म्हणाला, आता मी सुखाने मरेन. काही महिन्यांत गेला. १७७६ मध्ये, वुलमन जाऊन चार वर्षं झाल्यावर, सभेने गुलाम न सोडणाऱ्यांना पंथातून काढायचं ठरवलं. कुठल्याही सरकारने भाग पाडलं नव्हतं. आपलं धन आपणच सोडायला लावणारा हा निर्णय त्यांनी स्वतःवर लादून घेतला.

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात जड आक्षेप इथेच येतो, आणि तो मी टाळणार नाही. १६८८ ते १७७६ म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं. तेवढ्यात तीन पिढ्या गुलामगिरीत जन्मल्या आणि मेल्या. मालकांचं मन वळण्याची वाट गुलामाने का पाहावी? हैतीच्या गुलामांनी १७९१ मध्ये वाट पाहणं सोडलं आणि १८०४ मध्ये स्वतःचं राष्ट्र उभं केलं. मुक्तीचं श्रेय मालकांच्या सद्सद्विवेकाला देणं हा अन्यायावर अन्याय आहे. हे मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. ओलाउडा एक्वियानोचं आयुष्य बघा. लहानपणी पळवून विकलेला हा माणूस १७६३ मध्ये रॉबर्ट किंग नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. किंग फिलाडेल्फियाचा, आणि क्वेकर. त्याचा वेस्ट इंडीजमध्ये व्यापार होता. एक्वियानोने जहाजावर काम करता करता एक काचेचा पेला घेऊन दुप्पट किमतीला विकला, मग दोन पेले घेतले, असं करत चाळीस पौंड साठवले आणि १७६६ मध्ये किंगपुढे मोजून ठेवले. किंग गोंधळला, शब्द दिला नसता तर बरं असं म्हणाला, शेवटी जहाजाच्या कप्तानाने भीड घातली तेव्हा कागदावर सही झाली. म्हणजे १७५८ च्या ठरावाला आठ वर्षं होऊन गेल्यावरही एक क्वेकर एका माणसाला त्याचं स्वतःचं शरीर विकत देत होता.

पण तोच एक्वियानो १७८५ मध्ये लंडनमधल्या क्वेकरांकडे आभाराचं पत्र घेऊन गेला. तो भाबडा नव्हता, किंग त्याच्या लक्षात होता. आभार कशाबद्दल होते? फिलाडेल्फियातल्या अँथनी बेनेझेट या शाळामास्तराने रात्री स्वतःच्या घरी काळ्या मुलांना शिकवायला सुरुवात केली होती. आफ्रिकेबद्दलची प्रवासवर्णनं चाळून, तिथे संपन्न समाज होते आणि ते कुणी उद्ध्वस्त केले, हे त्याने पुस्तकांतून मांडलं होतं. एक्वियानोने आपलं आत्मचरित्र लिहिताना बेनेझेटचा आधार घेतला. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. बंड करणाऱ्याचं श्रेय यातल्या कशानेही कमी होत नाही. माझं म्हणणं एवढंच की अन्यायाच्या दोन बाजू असतात आणि काम दोन्हीकडे पडलेलं असतं. साखळी तोडणं हे गुलामाचं काम असेल, पण मालकाच्या घरात जाऊन, त्याच्याच टेबलावर बसून, हे चुकतंय असं सांगणं त्याच्याकडून का अपेक्षावं? ते काम मालकांच्या भाऊबंदांचं होतं. बहुतेकांनी केलं नाही, थोड्यांनी केलं. ज्यांनी केलं नाही त्यांच्याबरोबर ज्यांनी केलं त्यांनाही एकाच पोत्यात घातलं, तर पुढच्या वेळी कुणी उठून का बोलेल?

दुसरा आक्षेपही खरा आहे. गुलाम सोडले, पण बरोबरीने बसवले नाहीत. अनेक सभागृहांत काळ्या माणसांसाठी मागचा बाक वेगळा राहिला. आपले हात स्वच्छ झाले की काम झालं, ही वृत्ती क्वेकरांत होती आणि तिने नुकसानही केलं. तुरुंगसुधारणेचं उदाहरण मला अधिक टोचतं. एकांतात माणूस आत वळतो, पश्चात्ताप करतो, या श्रद्धेचा प्रभाव घेऊन फिलाडेल्फियात १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट तुरुंग सुरू झाला. कैद्याला वर्षानुवर्षं एकट्याला कोंडायचं. हेतू दयेचा, परिणाम माणसं वेडी होण्याचा. सभेत सगळ्यांबरोबर गप्प बसणं आणि कोठडीत एकट्याने गप्प केलं जाणं यातला फरक त्यांना कळायला हवा होता. आणि पुन्हा तेच, कळणारी बाई त्याच पंथात, त्याच काळात होती. एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली तेव्हा सुमारे तीनशे बायका पोराबाळांसह मोजक्या खोल्यांत कोंबलेल्या होत्या. तिने १८१७ मध्ये तिथे शाळा आणि शिवणकाम सुरू केलं, आणि नियम लादले नाहीत. एकेक नियम वाचून दाखवला, कैदी बायकांनी हात वर करून संमती दिली तेव्हाच तो लागू झाला. शिकवायला त्यांच्यातलीच एक जण त्यांनीच निवडली. चोरीच्या आरोपावरून आत आलेल्या, कुणी ‘अगं’ म्हणून हाकही न मारलेल्या त्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी तुमचं मत काय असं विचारत होतं.

मराठी वाचकाने यात का पडावं? एक तर जोतीराव फुल्यांमुळे. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छाही तिथेच व्यक्त केली. क्वेकरांचं नाव त्यात नाही, आणि ते सगळे क्वेकर नव्हतेच. पण अमेरिकेत स्वतःच्या पंथाला हात घालून ते काम सगळ्यात आधी करणारे हे लोक होते. जोतीरावांना त्या लोकांतलं काय भावलं? आपल्याच जातभाईंविरुद्ध, आपल्याच हिताविरुद्ध उभं राहणं. त्यांनी स्वतः १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, त्यामुळे ते कशाबद्दल बोलतायत हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आणि दुसरं, आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये त्या ज्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, ते १८५० मध्ये निघालं तेव्हा त्यामागे क्वेकर मंडळी होती. अ‍ॅन प्रेस्टन ही तिथली पहिली स्त्री डीन क्वेकर होती, आणि तिच्या काळात, १८६७ मध्ये, रिबेका कोल ही कृष्णवर्णीय मुलगी तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडली. कल्याणची मुलगी ज्या दारातून आत गेली ते दार कुणीतरी आधी भांडून उघडं करून ठेवलं होतं.

पेनच्या पुतळ्याबद्दल माझं मत विचाराल तर पुतळा राहू द्यावा. पण शेजारी जर्मनटाउनचा अर्ज दगडात कोरून लावावा, पूर्ण, मोडक्या इंग्रजीसह, आणि खाली तीन सभांनी त्यावर काय शेरे मारले तेही. बेंजामिन लेला त्याच्या अबिंग्टनच्या सभेने २०१८ मध्ये पुन्हा आपला म्हटलं, तिथल्या दफनभूमीत त्याच्या आणि त्याची बायको सारा हिच्या नावाचा दगड बसवला. त्या चौघांचा मूळ कागद मात्र फार हिंडला. बाजूला ठेवला गेला तो विसरलाच, १८४४ मध्ये सापडला, मग पुन्हा हरवला, आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या आर्च स्ट्रीटच्या सभागृहाच्या तिजोरीघरात जीर्ण अवस्थेत मिळाला. चारही सह्या अजून वाचता येतात.